केपटाउनचे कोकणी आणि शेजाराचे मोल

विस्थापनाचा इतिहास बहुधा घरे पाडली त्या दिवसापासून सांगितला जातो. प्रशासकाने मात्र त्याआधीची वर्षे पाहावीत. नेमके काय नष्ट झाले, ते तेथेच कळते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहराच्या ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ या भागात आपल्या कोकणातील माणसेही राहत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान स्वखर्चाने केपटाउनला जाऊ लागले. नाताळच्या उसमळ्यांवरील गिरमिटियांपेक्षा त्यांची वाट निराळी होती. कोणी फेरी धरली, कोणी कोपऱ्यावर किराणा दुकान टाकले. बायकामुले बहुधा गावीच असत. गावी जाऊन परतण्यासाठी परवाना लागे; मुदत टळली की परतीचा हक्क धोक्यात येई. काहींनी तेथील मलायी मुस्लिम कुटुंबांशी सोयरीक केली. शेजारी ज्यू व्यापारी, शिंपी, गोदी कामगार होते. गिऱ्हाइकाला थोडाथोडा माल उधारीवर मिळे आणि त्या उधारीला तारण असे ते केवळ ओळखीचे.

ही घडी कायद्याने मोडली. १९५० साली लोकसंख्या नोंदणी कायद्याने माणसांची वंशवार नोंद सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या ‘ग्रुप एरियाज ॲक्ट’ने वंशवार वस्त्या ठरवल्या. एकाच मशिदीत जाणारे शेजारी ‘भारतीय’ व ‘मलायी’ अशा वेगळ्या गटांत गेले. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी हा भाग गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला. पुढे साठ हजारांहून अधिक लोक हलवले गेले. भारतीयांच्या वाट्याला रायलँड्ससारख्या वसाहती आल्या. कारण दिले गेले गलिच्छ वस्ती निर्मूलनाचे. दाटी व पडझड खरीच होती. पण तिच्यावर उपाय दुरुस्ती हा होता. रिकामी केलेली बरीच जमीन तर कित्येक दशके ओसाडच राहिली.

आपला १८९४ चा भूसंपादन कायदा मुख्यतः जमीन व बांधकाम मोजत असे. २०१३ च्या कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणले, हे योग्यच झाले. पण तो अहवाल उपचार ठरू नये, तर त्यात साधे प्रश्न हवेत: येथे कोण कोणाला उधार देतो? कामावर जाताना आई मूल कोणाकडे ठेवते?

सर्जापूर रोडवर घर केलेल्या आम्हा मराठी माणसांना हे प्रश्न परके वाटू नयेत. सदनिकेचा ताबा एका दिवसात मिळतो. शेजार जुळायला वर्षे लागतात. नुकसानभरपाई ठरवणाऱ्याने ती वर्षेही हिशेबात धरली पाहिजेत.