खोक्यात कोणती चिप आहे, ते खोक्यावर छापा

प्रति,
वायफाय ॲडाप्टर बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या आणि स्वतःचं लेबल लावून विकणाऱ्या कंपन्या;
तसेच लॅपटॉप बनवणाऱ्या आणि वायफायची चिप तयार करणाऱ्या कंपन्या

विषय : ॲडाप्टरच्या खोक्यावर चिपचं नाव व ड्रायव्हरचा पत्ता छापणे, आणि विक्रीनंतरही ड्रायव्हर उपलब्ध ठेवणे

महोदय,

मी तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकानात बारा महिने ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘नेट चालत नाही’. बऱ्याचदा त्यात दोष नेट देणाऱ्या कंपनीचा नसतो, राउटरचाही नसतो. कॉम्प्युटरमधलं वायफाय कार्ड किंवा मागे लावलेलं डोंगल धडधाकट असतं. पण त्याला चालवणारा ड्रायव्हर मशीनमध्ये नसतो, किंवा भलताच बसलेला असतो. योग्य ड्रायव्हर शोधायला जी माहिती लागते ती तुमच्याकडे असते. गिऱ्हाइकाला मात्र ती तुम्ही देत नाही. या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहितो आहे.

मशीन स्लो झालं, व्हायरस शिरला किंवा जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, की विंडोज नव्याने टाकावं लागतं. विंडोजबरोबर पुष्कळ ड्रायव्हर आपोआप येतात, त्यामुळे जुनी, सगळीकडे वापरली गेलेली कार्डं लगेच चालू होतात. पण लॅपटॉपमधली चिप त्या विंडोजच्या कॉपीपेक्षा नवी असेल तर वायफायची खूणच कुठे दिसत नाही. विंडोज ११ची होम आवृत्ती तर सेटअप चालू असतानाच इंटरनेट मागते. वायफाय ड्रायव्हरशिवाय चालत नाही, ड्रायव्हर इंटरनेटवर ठेवलेला, आणि पातळ लॅपटॉपना हल्ली लॅनची केबल लावायला जागाही नसते. माणूस त्या स्क्रीनपाशीच अडकतो.

यातून मार्ग आहे, आणि तो सोपा आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टिथरिंग चालू करायचं. विंडोज त्या फोनलाच नेटवर्क कार्ड समजतं, आणि बहुतेक फोनना त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तेवढ्यात वायफायचा ड्रायव्हर उतरवून घेता येतो. एवढी दोन वाक्यं लॅपटॉपबरोबरच्या कागदावर मराठीत आणि हिंदीत छापलीत, तर कितीतरी माणसांची एसटीची खेप वाचेल. वाडीवस्तीवरून लॅपटॉप पिशवीत घालून येणारा माणूस त्या दिवशीची मजुरी बुडवून आलेला असतो. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, शिष्यवृत्तीचे अर्जही ऑनलाइनच भरायचे असतात, आणि त्यांना शेवटची तारीख असते.

आता डोंगलबद्दल. अजूनही कित्येक खोक्यांत आठ सेंटिमीटरची छोटी सीडी मिळते. ज्या लॅपटॉपसाठी डोंगल घेतलं त्यात सीडी ड्राइव्ह नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. शिवाय त्या सीडीवरचा ड्रायव्हर खोकं भरलं त्या दिवसाइतकाच जुना. तुमच्यापैकी काहींनी यावर चांगला उपाय काढला, त्याचं कौतुक करायलाच हवं. डोंगल लावलं की ते आधी छोटा सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतं, त्यातच ड्रायव्हर असतो. तो टाकला की तेच डोंगल वायफाय कार्ड होतं. वेगळी सीडी नको, नेट नको. म्हणजे हे जमतं, आणि स्वस्तातल्या डोंगलमध्येही जमतं. मग सगळ्यांनीच का करू नये? एक काळजी मात्र घ्या. लिनक्सवर असं डोंगल कधी कधी सीडी ड्राइव्हच होऊन बसतं आणि ते कमांड देऊन ‘इजेक्ट’ करावं लागतं. हे खोक्यातल्या कागदावर लिहा.

सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट वेगळीच आहे. खोकं तेच, मॉडेल नंबर तोच, आत चिप दुसरी.

एका जिल्हा परिषदेच्या शाळेत जुन्या डेस्कटॉपना वायफाय हवं होतं. सरांनी एकाच दुकानातून, एकाच मॉडेलची डोंगलं आणली. पहिल्या मशीनवर ड्रायव्हर टाकला, चाललं. तीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन पुढच्या मशीनवर टाकली, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि खाली ‘कोड १०’, म्हणजे हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. सरांना वाटलं डोंगल खराब. बदलून आणलं, तरी तेच. मग दोन्ही डोंगलं शेजारी ठेवून भिंगातून पाहिली. मागच्या बारीक छपाईत, अनुक्रमांकाच्या ओळीच्या टोकाला, एकावर आवृत्ती १ आणि दुसऱ्यावर आवृत्ती २. खोक्यावर समोरच्या बाजूला याचा कुठेही उल्लेख नव्हता. दोन्हींत दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिप होत्या.

हे एका शाळेपुरतं असतं तर मी जाहीर पत्र लिहिलं नसतं. जगभर गाजलेलं उदाहरण टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलचं आहे. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली, नाव तेच राहिलं. त्या कंपनीच्या साइटवर निदान आवृत्ती निवडून ड्रायव्हर घेता येतो. बाजारात बिननावाची किंवा कुणाचंही लेबल लावलेली जी डोंगलं येतात, त्यांना साइटच नसते. चिप बदलण्याची तुमची अडचण मला समजते: माल मिळत नाही, भाव वाढतो. पण चिप बदलली की ड्रायव्हर बदलतो आणि चालणाऱ्या सिस्टिम बदलतात. म्हणजे घेणाऱ्याच्या हातात वेगळी वस्तू पडते. तिला मॉडेल नंबर वेगळा द्या.

चिप ओळखायची आमची रीत सांगतो, म्हणजे सामान्य माणसाला काय करावं लागतं ते तुम्हाला कळेल. डिव्हाइस मॅनेजर उघडायचा. त्रिकोण असलेल्या ओळीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी. तिथे ‘व्हीआयडी’ या अक्षरांपुढे चार आणि ‘पीआयडी’पुढे चार अशा खुणा असतात. व्हीआयडी ०बीडीए असेल तर रिअलटेक. ०सीएफ३ असेल तर अथेरॉस, जी आता क्वालकॉमकडे आहे. १४८एफ असेल तर रालिंक, जी मीडियाटेकने घेतली. लॅपटॉपच्या आतल्या कार्डाला ‘व्हीईएन’पुढे ८०८६ दिसलं तर ते इंटेलचं. हे एकदा हाताखालून गेलं की अवघड नाही. पण ज्या बाईंनी मुलाच्या अभ्यासासाठी डोंगल घेतलं, त्यांनी हे का शिकायचं? त्या आठ खुणा कारखान्यात बसवल्या तेव्हाच तुम्हाला माहीत होत्या.

खुणा कळल्या तरी काम संपत नाही. चिपवाल्या कंपनीकडे जावं तर ती सांगते, ज्याच्या नावाने विकत घेतलं त्याच्याकडे जा. त्याच्याकडे जावं तर पान काढून टाकलेलं असतं. मग माणूस नाव टाइप करून शोधतो आणि वरच्या जाहिरातींत सापडतो ‘ड्रायव्हर अपडेटर’. तो मशीन तपासल्याचं दाखवतो, लाल अक्षरांत लांबलचक यादी काढतो आणि पैसे मागतो. दुकानात येणाऱ्या मशीनमध्ये असे दोन-दोन, तीन-तीन अपडेटर एकावर एक बसलेले असतात, आणि वायफाय मात्र बंदच असतं. त्या बाजाराला गिऱ्हाईक तुम्ही पुरवता, कारण खरा ड्रायव्हर मिळायची अधिकृत जागा तुम्ही उघडी ठेवत नाही.

ड्रायव्हर बसल्यावरही काही तक्रारी उरतात. त्यातल्या बऱ्याच एका ओळीच्या सूचनेने मिटतील. नेट मध्येच तुटतं तेव्हा पुष्कळदा ॲडाप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची जी मुभा दिलेली असते, तिच्यापुढची टिक काढली की काम होतं. विंडोज अपडेटने चांगल्या ड्रायव्हरवर नवा बसवला असेल तर ‘रोल बॅक’ करावं लागतं. म्हणून साइटवर जुन्या आवृत्त्याही राहू द्या. डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये, हार्ड डिस्कच्या शेजारी लावलं की कधी कधी सिग्नल पडतो. यूएसबी ३चा २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो, हे इंटेलनेच २०१२ साली कागदावर मांडलं आहे. उपाय म्हणजे हातभर एक्स्टेन्शन केबल. आणि १५० एमबीपीएसचं साधं डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झ पाहतं. घरातला राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल तर त्या डोंगलला ते नेटवर्क यादीतही दिसणार नाही. फोनवर दिसतं, कॉम्प्युटरवर नाही, म्हणून माणूस डोंगल परत करायला धावतो. ‘फक्त २.४’ हे खोक्यावर मोठ्या अक्षरात असायला हवं.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुन्या मशीनना विंडोज ११ घेता येत नाही, म्हणून काही शाळा आणि घरं लिनक्सकडे वळत आहेत. तिथे तुमच्यापैकी कोणी काय केलं, हे स्पष्ट दिसतं. अथेरॉसने २००८मध्ये ड्रायव्हर खुला केला, ब्रॉडकॉमने २०१०मध्ये पाऊल टाकलं, इंटेलचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच येतात. रिअलटेकच्या आणि ब्रॉडकॉमच्या बऱ्याच चिप लिनक्सवर चालत राहिल्या, त्यामागे लॅरी फिंगर नावाच्या एका निवृत्त माणसाची वर्षानुवर्षांची स्वयंसेवा होती. ते जून २०२४मध्ये गेले. त्यांना मी कधी भेटलो नाही, पण आमच्याकडच्या मुलांच्या मशीनवर त्यांनी सांभाळलेला कोड चालला आहे, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. कोट्यवधी चिप विकणाऱ्या उद्योगाने हे काम एका वृद्ध माणसाच्या चांगुलपणावर सोडायला नको होतं. पगारी माणूस नेमा, आणि चिपची कागदपत्रं खुली करा.

खोक्यावर जागा नाही, असं कोणी म्हणू नये. पाकीटबंद वस्तूंच्या २०११च्या नियमांप्रमाणे तुम्ही त्यावर एमआरपी छापता, आयातदाराचं नाव-पत्ता छापता, कोणत्या देशात बनलं ते छापता. वायरलेस वस्तू भारतात आणायची तर ईटीए मंजुरी लागते, आणि त्यासाठी रेडिओचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. सरकारला तुम्ही जे कळवता त्यातलं थोडं विकत घेणाऱ्यालाही कळवा. आपण काय विकत घेतो हे कळण्याचा हक्क २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्याला दिलेला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यावर फोन, गाड्या, शेतीची अवजारं यांची दखल घेतली गेली; वायफायच्या चार-पाचशे रुपयांच्या डोंगलकडे तिथेही लक्ष जायला हवं. म्हणून या पत्राची प्रत त्या विभागालाही पाठवतो आहे.

खोक्यावर एवढं हवं: चिपचं पूर्ण नाव, आवृत्ती, कोणते बँड, कोणत्या विंडोजवर आणि लिनक्सच्या कोणत्या कर्नलपासून चालतं, ड्रायव्हरचा थेट क्यूआर कोड, आणि तो ड्रायव्हर कोणत्या वर्षापर्यंत मिळत राहील ते. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सेकंडहँड लॅपटॉप आमच्या भागात आठ-दहा वर्षं वापरला जातो. वॉरंटी संपली म्हणून पान काढून टाकू नका.

जून २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज अपडेटवरचे जुने ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने काढायचं जाहीर केलं. कोणता ड्रायव्हर अजून लोकांना लागतो, हे त्यांना सांगण्याची संधी तुम्हाला, म्हणजे ड्रायव्हर देणाऱ्या कंपन्यांना आहे. तिथे गप्प राहू नका.

आणि एक परवानगी मागतो. माझ्यासारख्या दुकानदारांकडे वर्षानुवर्षं जमवलेले ड्रायव्हर हार्ड डिस्कवर आहेत, त्यातले काही आता कुठल्याच साइटवर मिळत नाहीत. ते एकमेकांना आणि गिऱ्हाइकाला विनामूल्य देता यावेत, अशी स्पष्ट लेखी मुभा तुमच्या लायसन्समध्ये घाला. फाइल मूळ तुमचीच आहे हे तपासता यावं म्हणून प्रत्येक ड्रायव्हरचा चेकसम जाहीर करा. तुमचं पान बंद पडलं तरी तालुक्याच्या दुकानात तो ड्रायव्हर मिळेल, याची जबाबदारी आम्ही घेऊ.

कळावे,
तालुक्याच्या गावचा एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला