मोरीकाठची कर्दळ

दिवाळी अंकात मोरीची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. ज्या घरात चकल्या तळल्या जातात, त्याच घरातून अभ्यंगस्नानाचे पाणीही वाहते. ते आपण सिमेंटच्या गटारात घालवतो, हीच माझी तक्रार आहे.

आमच्या परभणीकडे घरामागे न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ हटकून असे. तांबडी, पिवळी, ओल असेल तर बारमाही फुलणारी. आता ती अडाणीपणाची खूण ठरली. ती उपटायची, तिथे फरशी घालायची आणि दारावर प्लास्टिकच्या फुलांचे तोरण टांगायचे, याला सुधारणा म्हणतात!

मी स्वतःला वगळीत नाही. चार वर्षांपूर्वी मीही परसात फरशी केली. पुढच्या साली लाल भोपळ्याचा वेल पुष्कळ फुलला. पण इवली फळे पिवळी पडून गळू लागली. आई म्हणाली, "मास्तर झालास, अन् एवढं बी कळंना का रे? कर्दळ उपटलीस, आता येलावर माशी कशाला यील?" भोपळ्याचे नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे, मधमाशीने पराग नेल्याशिवाय फळ धरत नाही. हे मी वर्गात शिकवीत होतो, आणि घरी विसरलो होतो.

"प्यायला पाणी नाही, तिथे फुले कसली?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. परंतु कर्दळ नवी घागर मागत नाही. वापरून टाकलेले पाणी मागते. दुसरे म्हणतील, डास होतील. डास साचलेल्या पाण्यात होतात, ओल्या मातीत नव्हे. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. म्हणून मोरीच्या तोंडाशी विटांचे तुकडे व वाळू घालावी. कंद हातभर अंतरावर, चार बोटे खोल लावावेत. फुलून गेलेला दांडा बुडातून कापावा, नवे कोंब येतात. शेजारी सोनटक्का लावावा. त्याच्या वासाने तिन्हीसांजेला पतंग येतात. कर्दळीवर शिंजीर येतो, मधमाशी घोटाळते आणि ओल्या कडेला पाणीही पिते.

रब्बीची रास घरी आली की रान ओसाड होते. त्या उन्हाळ्यात या मुक्या कामकऱ्यांनी जावे कुठे? त्यांच्याकडून आपण वर्षभर फळ घ्यायचे आणि पडत्या काळात त्यांना दारातून हाकलायचे, हा कोणता न्याय?

मी फरशीची एक ओळ उखडली आहे. आईने शेजारणीकडून कंद मागून आणले. यंदा भाऊबीजेला बहिणीकडे जाल तेव्हा मिठाईबरोबर दोन कंदही न्या. मिठाई चार दिवसांत संपेल. कर्दळीचे कंद दरवर्षी वाढतील, आणि तिलाही कुणाला तरी देता येतील.