पूर्ण मापाचे कॉकपिट बांधा!

२६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय हवाई दलाने चंदीगड येथे मिग-२१ या लढाऊ विमानाला समारंभपूर्वक निरोप दिला. १९६३ साली दाखल झालेले हे विमान बासष्ट वर्षे सेवेत होते. त्याच्याशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. नाशिकजवळ ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात अशी शेकडो विमाने तयार झाली. अंतराळात गेलेले पहिले भारतीय राकेश शर्मा हे मिग-२१चे वैमानिक. पुढे ते याच नाशिक विभागात प्रमुख चाचणी वैमानिक होते.

अशा निवृत्त विमानांपैकी काही संग्रहालयात जातात, काही एखाद्या चौकात चौथऱ्यावर चढवली जातात. आपण खालून पाहतो तेव्हा दिसते ते विमानाचे पोट आणि पंख. वैमानिक जेथे बसत असे ती जागा, म्हणजे कॉकपिट, मात्र दिसत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, शिकण्यासारखे सर्वांत अधिक त्या जागेतच असते. आणि ती विकत आणावी लागत नाही. ती शाळेत बांधता येते.

रायगड जिल्ह्यात रोह्याहून कुंडलिका नदी ओलांडली की अष्टमी लागते. तेथे विमानतळ नाही की विमानाचा कारखाना नाही. पण बांबू, पुठ्ठा आणि फळ्या यांतून गणपतीची आरास उभी करणारे हात कोकणातल्या कोणत्या गावात नाहीत? अष्टमीच्या मुलामुलींनी याच सामानातून मिग-२१चे कॉकपिट उभे करावे, असे मला वाटते. अट एकच : ते पूर्ण मापाचे हवे.

पूर्ण मापाचा एवढा आग्रह कशासाठी? हातभर लांबीचे नमुना-विमान कपाटात शोभून दिसते आणि विमानाचा आकार दाखवते. पण त्यात तुम्हाला बसता येत नाही. त्यामुळे कॉकपिटसंबंधीचे मुख्य प्रश्न त्यातून उद्भवतच नाहीत. खुर्चीत पट्ट्याने बांधलेल्या माणसाचा हात त्या कळीपर्यंत पोहोचतो का? पाय पायट्याला लागतात का? तबकड्या वाचून मान वर केली की समोरचे दिसते का? या प्रश्नांची उत्तरे फूटपट्टी देत नाही. ती तुमचे शरीर देते.

या प्रश्नांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही बाँबफेकी विमाने सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवर वैमानिक चुकून चाकेच आत घ्यायचे! त्यांना आत घ्यायची असत ती पंखांची झापे. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तेव्हा दोन्हींच्या कळी एकसारख्या आणि शेजारी-शेजारी असल्याचे आढळले. उपाय साधा निघाला. चाकाच्या कळीला चाकाच्या आकाराची मूठ, झापेच्या कळीला झापेच्या आकाराची. न पाहताही हाताला फरक कळू लागला. दोष माणसांच्या हुशारीत नव्हता, मांडणीत होता.

दुसरे उदाहरण तर तुमच्या वर्गात करून पाहण्याजोगे आहे. १९५० साली अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली. उंची, छाती, हाताची लांबी अशा दहा मापांची सरासरी गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने काढली आणि दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास असणारे वैमानिक किती ते मोजले. उत्तर आले : शून्य! म्हणजे ‘सरासरी माणसा’साठी बनवलेली बैठक कोणालाच पुरती बसत नव्हती. त्यानंतर पुढे-मागे, वर-खाली सरकणाऱ्या खुर्च्या आणि पायटे यांचा आग्रह धरला गेला.

तुम्ही वर्गातल्या प्रत्येकाच्या हाताची, पायाची आणि बसल्यावर डोळ्यांपर्यंतच्या उंचीची मापे घ्या. मुलींची आवर्जून घ्या. जुनी कॉकपिटे पुरुषांच्या मापांवरून आखली जात. पण १९ फेब्रुवारी २०१८ रोजी अवनी चतुर्वेदी यांनी जामनगरहून मिग-२१ एकटीने उडवले आणि लढाऊ विमान एकटीने उडवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. तुमच्या कॉकपिटची खुर्ची वर्गातल्या सर्वांत बुटक्या मुलीला आणि सर्वांत उंच मुलाला बसेल अशी कशी करायची, हे गणित तुम्हीच सोडवा. ते पुस्तकात दिलेले नाही.

आता बांधण्याविषयी. सुरुवातीला पैसा लागत नाही. छापील चित्रे आणि प्रसिद्ध झालेली मापे गोळा करा, जमिनीवर खडूने आराखडा आखा आणि त्यात बसून पाहा. मग पुठ्ठ्याचे कॉकपिट करा. ते जमले की लाकडी चौकट आणि प्लायवूड. जे माप मिळाले नसेल त्या ठिकाणी बाटल्यांची झाकणे चिकटवून खोट्या तबकड्या करू नका. ती जागा कोरी ठेवा आणि तेथे ‘माप मिळाले नाही’ असे लिहा. प्रतिकृती आणि देखावा यांत हाच तर भेद आहे!

एकेका गोष्टीचे कारण विचारत जा. मिग-२१च्या समोरच्या फळ्यावर मधोमध एक उभी पांढरी रेघ होती. ती शोभेसाठी नव्हती. विमान गिरक्या घेत कोसळू लागले की वैमानिकाला दिशा समजेनाशी होते. अशा वेळी सुकाणूचा दांडा नेमका मध्यावर आणण्यासाठी ती रेघ होती. त्याच दांड्यावर चाकांच्या ब्रेकची कळ होती, अगदी सायकलच्या ब्रेकसारखी. ती दाबली की दाबाखालची हवा चाके रोखत असे.

एखादे तरी उपकरण खरोखर चालणारे करा. मोठ्या काचेच्या बाटलीच्या बुचातून यू आकाराची बारीक पारदर्शक नळी बसवा, तिच्यात रंगीत पाणी घाला आणि बूच मेणाने हवाबंद करा. झाला तुमचा उंचीमापक! सुमारे साडेआठ मीटर वर चढलात की बाहेरच्या हवेचा दाब कमी होऊन नळीच्या दोन बाजूंतील पाण्याच्या पातळीत साधारण एक सेंटिमीटर फरक पडेल. मात्र बाटली उबदार कापडात गुंडाळा. आतली हवा एकच अंश सेल्सिअसने तापली तरी जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर फरक पडतो. म्हणजे तुम्ही जागेवर असताना उपकरण सांगेल की तुम्ही तीस मीटर चढलात! खऱ्या उंचीमापकात हवा काढून टाकलेली धातूची पातळ डबी का वापरतात, ते आता ध्यानात येईल. आणि हीच बाटली रोह्याजवळच्या अवचितगडावर नेली, तर नळीतले पाणी बाहेर का फेकले जाईल, याचा विचार करा.

तुम्ही म्हणाल, जे उडत नाही ते बांधून काय उपयोग? अमेरिकेत एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीला असतो तसा भाता ऑर्गनलाही लागतो. असे भाते आणि हवेचे पंप वापरून लिंकने १९२०च्या दशकाच्या अखेरीस जमिनीवरच डुलणारे, झुकणारे लाकडी कॉकपिट केले. आधी ते जत्रेतला खेळ म्हणूनच खपले. १९३४ साली अमेरिकी सैन्याकडे टपालाची विमाने आली आणि खराब हवेत अपघात होऊन अनेक वैमानिक दगावले, तेव्हा सैन्याने लिंककडून सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात त्या यंत्रांवर पाच लाखांहून अधिक वैमानिक व कर्मचारी शिकले. न उडणाऱ्या कॉकपिटने किती जणांचे प्राण वाचवले असतील!

काही जण विचारतील, संगणकाच्या पडद्यावर विमान चालवता येत असताना ही खटपट कशाला? पडदा सर्वांना सारखाच असतो; त्याला तुमच्या हाताची लांबी ठाऊक नसते. आणि लढाऊ विमानच का? कारण तेथे एकट्या माणसाला सर्व कामे बसल्या जागी करावी लागतात, म्हणून एकेक सेंटिमीटर विचारपूर्वक वापरावा लागतो. तुमच्या कॉकपिटला शस्त्रांची मुळीच गरज नाही.

तुमच्यापैकी किती जण वैमानिक होतील? फार थोडे. पण उद्या कोणी शिलाईयंत्र, रिक्षा किंवा गिरणी यांची रचना करील, कोणी शाळेची बाके बनवील. त्या प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न असेल : वस्तूने माणसाच्या मापाचे व्हायचे की माणसाने वस्तूच्या? ज्याने स्वतःच्या हातांनी कॉकपिट बांधून त्यात मित्र-मैत्रिणींना बसवून पाहिले आहे, त्याचे उत्तर चुकणार नाही. आज ज्या बाकावर बसून तुम्ही हे वाचत आहात, तेच आधी मोजून पाहा. तुमचे पाय जमिनीला टेकतात का?