जहाजाचा मावेजा

‘मावेजा’ हा शब्द पुण्या-मुंबईकडे क्वचितच कानी पडतो; आमच्या नांदेड-लातूरकडे तो घरोघरी आहे. धरणात जमीन गेली की आजोबांनी लावलेला वाढीव मावेजाचा दावा नातू चालवतो. म्हणूनच शांघायच्या चेन घराण्याची हकिकत मला परकी वाटली नाही.

चेन शुनतोंग यांनी १९३६ मध्ये आपली दोन जहाजे एका जपानी कंपनीला भाड्याने दिली. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. जपान सरकारने जहाजे ताब्यात घेतली; पुढे ती बुडाली. १९४९ मध्ये चेन वारले. मुलांनी टोकियोत दावा लावला. १९७४ मध्ये मुदतीच्या मुद्द्यावर तो फेटाळला गेला. १९८८ मध्ये वारस शांघायच्या न्यायालयात गेले. २००७ मध्ये सुमारे २९२ कोटी येनचा निकाल लागला, पण पैसे मिळेनात. अखेर एप्रिल २०१४ मध्ये, त्या भाडेकरू कंपनीची वारस ठरलेल्या मित्सुईचे मालवाहू जहाज चिनी बंदरात अडवण्यात आले. मग मात्र आठवड्याच्या आत रक्कम भरली गेली!

चीनने तर १९७२ मध्येच युद्धभरपाईवर पाणी सोडले होते. मग हे कसे घडले? चीनचे म्हणणे असे, की हा युद्धाचा नव्हे, भाडेकराराचा वाद आहे. म्हणजे तारले ते जपून ठेवलेल्या कागदाने आणि हाती असलेल्या बंदराने.

आपल्या हैदराबाद संस्थानाचेच पाहा. सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस कारवाईच्या धामधुमीत, निजामाचे सुमारे दहा लाख पौंड लंडनच्या बँकेत पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या नावे गेले. परक्या सार्वभौम राष्ट्रावर खटला चालत नाही, म्हणून १९५७ मध्ये निजामाचा दावा अडला. २०१३ मध्ये पाकिस्तान स्वतःच कोर्टाची पायरी चढला आणि ते कवच गळून पडले. २०१९ मध्ये सुमारे साडेतीन कोटी पौंड भारत आणि निजामाच्या वारसांचे ठरले.

ज्यांच्याजवळ असे बंदर वा बँक नसते, त्यांचे काय? १९६५ च्या युद्धात पाकिस्तानात मालमत्ता अडकलेल्या भारतीयांना आपल्या सरकारने पडताळलेल्या दाव्याच्या २५ टक्क्यांपर्यंत ‘सानुग्रह’ रक्कम दिली. सानुग्रह म्हणजे मेहेरबानी, हक्क नव्हे.

चेन १९४९ मध्ये गेले, सातवे निजाम १९६७ मध्ये. दोन्ही दावे जिंकले गेले, पण ज्याचे गेले त्याच्या हाती दमडी आली नाही. जहाजवाला असो की जमीनवाला, मावेजा हयातीत मिळाला तरच तो मावेजा. नंतर मिळतो, तो वारसा!