मेरिटवाल्यांनो, हायवे ८० वर एकदा सायकल चालवा

सेल्मा सोडायच्या आदल्या रात्री अटलांटातल्या एका मराठी काकांचा फोन आला. "पाणी जास्त घे, आणि मधल्या गावांत थांबू नकोस रे. सगळी काळ्यांची वस्ती आहे." काका प्रेमळ आहेत. अमेरिकेत आलो तेव्हा पहिला आठवडा मी त्यांच्याच घरी काढला, काकूंच्या हातची खिचडी खात. मी "हो काका" म्हणालो. हा लेख त्या 'हो'बद्दल आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या माझ्या सायकल ट्रिपचा तो सहावा दिवस. अलाबामातलं सेल्मा ते माँटगोमेरी, ८७ किलोमीटर. सुरुवातीलाच एडमंड पेटस पूल लागतो. मतदानाचा हक्क मागत निघालेल्या कृष्णवर्णीयांना ७ मार्च १९६५ रोजी पोलिसांनी इथेच लाठ्या आणि अश्रुधुराने झोडपलं. दोन आठवड्यांनी मोर्चा पुन्हा निघाला आणि पाच दिवसांनी माँटगोमेरीला पोचला. मला गिअरच्या सायकलवर एक दिवस पुरणार होता.

पुढे लाऊंड्स काउंटी. १९६५ च्या सुरुवातीला इथे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते आणि मतदार यादीत त्यांच्यातला एकही नव्हता. पुढे ज्यांनी नाव नोंदवलं, त्यातल्या अनेकांना जमीनमालकांनी कसत्या जमिनीवरून हाकललं. ती कुटुंबं हायवेच्या कडेला तंबू ठोकून राहिली. व्हाइट हॉल गावात त्या जागी आता छोटं संग्रहालय आहे. हक्क मागितला म्हणून गावाबाहेर काढणं आपल्याला काही नवीन नाही.

याच काउंटीतल्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. चिन्ह घेतलं काळा पँथर. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक पँथर पक्षाने ते उचललं, आणि १९७२ मध्ये मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने 'दलित पँथर' उभी केली. म्हणजे काकांनी जिथे थांबू नको म्हटलं, तिथून आपल्या वरळी-नायगावपर्यंत एक सरळ धागा येतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत तो मला कुणी दाखवला नाही, आणि मीही शोधला नाही.

व्हाइट हॉलच्या पुढे मागचं चाक पंक्चर झालं. मी पॅनिअर उतरवत होतो, तेवढ्यात एक जुनी पिकअप थांबली. साठीचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ उतरले. मी पहिलं काम काय केलं? हँडलबारवरचा फोन काढून खिशात घातला. त्यांनी ते पाहिलं. काही बोलले नाहीत. पिकअप माझ्या मागे आडवी लावली, ब्लिंकर चालू केले आणि मी ट्यूब बदलेपर्यंत, ट्रकनी मला उडवू नये म्हणून, तिथेच उभे राहिले. निघताना म्हणाले, "पुढे टेकाडावर एक दगड दिसेल. थांबून बघ."

तो दगड व्हायोला लिउझो यांचा. डेट्रॉइटची गोरी बाई, पाच मुलांची आई. मोर्चेकऱ्यांची गाडीने ने-आण करताना २५ मार्च १९६५ च्या रात्री कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी तिला याच रस्त्यावर गोळ्या घातल्या.

आता मुद्दा. १९६५ पूर्वी अमेरिकेत कायमचं यायला भारतीयांसाठी वर्षाला जेमतेम १०० जणांचा कोटा होता. हो, कोटा. कितीही मेरिट असो. ६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्काचा कायदा झाला आणि दोन महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबरला, वंश पाहून देशांना कोटे वाटणारी पद्धत मोडणारा इमिग्रेशन कायदा झाला. तीच संसद, तोच राष्ट्राध्यक्ष. रस्त्यावरच्या माणसांनी वंशभेदाची लाज वाटायला लावली नसती, तर तो कायदा इतक्या सहज झाला नसता. कुणी म्हणेल, एच-वन-बी तर १९९० च्या कायद्यातला. खरंय. पण ज्या घरात ती खोली बांधली, त्याचं दार १९६५ ला उघडलं.

आणि आपण? ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग हलत नाही. त्यावर आपण चिडतो: "जन्म कुठे झाला यावरून का ठरवता?" चिडणं रास्त आहे. पण पुण्याच्या हॉस्टेलमध्ये शेजारच्या खोलीतल्या मुलाला मीच म्हणालो होतो, "तुझं बरंय रे, कोटा आहे." तो हसला नव्हता. त्याच्या आजोबांची रांग जन्मावरून किती पिढ्या अडली होती, हे मी विचारलं नाही. जन्मावरून झालेला अन्याय आपल्याला स्वतःवर आला की कळतो, दुसऱ्यावर आला की तो 'मेरिटचा प्रश्न' होतो.

मेहनत आपण केली, हे खोटं नाही. पण कुणीतरी मार खाऊन उघडलेल्या दारातून आत यायचं, मग त्यांच्याच गावात थांबू नका म्हणून नव्या पोरांना सांगायचं, याला सावधगिरी म्हणत नाहीत. याला कृतघ्नपणा म्हणतात. आणि तो 'हो काका' म्हणत पुढच्या पिढीत जातो.

संध्याकाळी माँटगोमेरीहून मी फोन केला. "काका, मी थांबलो होतो. तीनदा." पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "सुखरूप आहेस ना?" म्हटलं, "त्यांच्यामुळेच आहे." आणि पिकअपची गोष्ट सांगितली, खिशात घातलेल्या फोनसकट.