गोळीच्या आधी काय?

पोलिसांच्या हाती बंदुकीऐवजी जीव न घेणारी साधने द्या, म्हणजे माणसे मरणार नाहीत, असे वरचेवर सांगितले जाते. मागणी रास्त आहे. पण साधन नव्हते म्हणून आपली माणसे मेली काय, हे आधी तपासले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

मुंबईत घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या आणि दहा जणांचा बळी गेला. बहुतेकांना जखमा कमरेच्या वर होत्या. जमाव टँकर पेटवणार होता, असे कारण पुढे करण्यात आले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाला ते पटले नाही. गोळीबार असमर्थनीय होता, असा निष्कर्ष आयोगाने काढला. त्याच दिवशी दुपारी पोलीस लाठ्या आणि अश्रुधूर घेऊन वस्तीत शिरले. म्हणजे साधने होती. जे आधी वापरायचे ते नंतर आले, आणि जे अगदी शेवटी वापरायचे ते सकाळीच वापरले गेले. हुकूम देणाऱ्या फौजदाराला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली ती 2009 साली, बारा वर्षांनी. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला.

दुसरी गोष्ट. 'जीव न घेणारे' म्हणजे निरुपद्रवी नव्हे. काश्मिरात 2016 साली छऱ्यांच्या बंदुकांनी कितीतरी तरुणांचे, शाळकरी मुलांचे डोळे गेले. उत्तर आयर्लंडमध्ये रबरी आणि प्लास्टिकच्या गोळ्यांनी 17 माणसे मेली, त्यांत लहान मुलेही होती.

आणि लाठी? नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चारही जिल्हे पोलिसांच्या एकाच नांदेड परिक्षेत्रात येतात. त्यातल्या परभणीत 10 डिसेंबर 2024 रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. अटकेतला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. त्याच्या आईने दाद मागितली, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने जुलै 2025 मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. इथे बंदूक नव्हतीच.

म्हणून नव्या साधनांइतकीच हुकुमाची आणि हिशेबाची मागणी आपण केली पाहिजे. बेकायदा जमाव पांगवण्याचा हुकूम कोणी द्यायचा, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 मध्ये लिहिलेले आहे. दंडाधिकारी किंवा ठाणे अंमलदार, तो नसल्यास निदान फौजदाराच्या दर्जाचा अधिकारी. इशारा दिला का, तो ऐकू जाईल असा होता का, हुकूम कोणाचा, गोळ्या किती सुटल्या, याची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे हवेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2 डिसेंबर 2020 चा निकाल आहे. आपल्या ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का, हे कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात विचारावे.

घरोघरच्या माताभगिनींनी एवढे लक्षात ठेवावे. मुलाला पकडून नेले तर चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. त्या वेळी वकील घेऊन हजर राहा. मारहाण झाली असेल तर तिथेच मोठ्याने सांगायला लावा, अंगावरचे वळ दाखवायला लावा, आणि वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरा. त्या दिवशी नोंद झाली नाही तर पुढे तीच गोष्ट शाबीत करायला वर्षे जातात.