कित्ता आणि स्वतःचे अक्षर

अक्षर वळणदार व्हावे म्हणून मुले कित्ता गिरवितात. प्रारंभी सर्वांचे अक्षर कित्त्यासारखेच दिसू लागते. पण पुढे प्रत्येकाच्या हाताला आपापले वळण लागते. कित्ता मुळीच गिरविला नाही, तर अक्षर बेढब राहते. आणि जन्मभर कित्ताच गिरवीत बसले, तर स्वतःचे असे अक्षर कधी उमटतच नाही. जी गोष्ट अक्षराची, तीच कलेची. थोर कलावंताच्या कृतींचा विद्यार्थ्यावर परिणाम व्हावा की न व्हावा, असा वाद घालण्यात अर्थ नाही, तो होणारच. तो कोणत्या प्रकारचा असावा, एवढाच खरा प्रश्न आहे.

छायाचित्रकला शिकणाऱ्याने या प्रश्नाचा विशेष विचार करावयास हवा. थोर चित्रकाराची नक्कल करावयाची म्हटली, तरी हाताला वर्षानुवर्षे कष्टवावे लागते, आणि त्या कष्टांत विद्यार्थी आपोआप काहीतरी शिकतो. कॅमेऱ्याचे तसे नाही. नामांकित छायाचित्रकार जेथे उभा राहिला तेथेच, त्याच वेळी उभे राहून कळ दाबली, की पुष्कळसे तसेच चित्र हाती येते. आज तर मोबाइल फोनमुळे कॅमेरा घरोघरी पोहोचला आहे. त्यामुळे ‘मलाही हे साधले’ असा भ्रम चटकन होतो. वस्तुतः साधलेले असते ते यंत्राला. विद्यार्थ्याची दृष्टी होती तेथेच राहते.

मग खरा प्रभाव कोणता? फ्रान्समधील विख्यात छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ (1908–2004) यांच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. तारुण्यात ते आंद्रे लोत या चित्रकाराकडे चित्रकला शिकले. रेषा आणि आकार यांची मांडणी कशी करावी, याचे धडे त्यांना तेथे मिळाले. पुढे 1931 च्या सुमारास मार्टिन मुंकाची या हंगेरियन छायाचित्रकाराचे एक चित्र त्यांच्या पाहण्यात आले. आफ्रिकेतील टांगानिका सरोवराच्या लाटांत तीन मुले आनंदाने धावत जात आहेत, एवढाच त्याचा विषय. पण त्या पाठमोऱ्या काळ्या आकृती आणि पांढरा फेस यांचा असा काही मेळ त्या एका क्षणी जमला होता, की तो तरुण थक्क झाला. कॅमेऱ्याला असा क्षण पकडता येतो, या जाणिवेने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली.

यानंतर कार्तिए-ब्रेसाँ यांनी काय केले? सरोवराच्या काठी धावणारी मुले शोधीत ते हिंडले नाहीत. 1932 मध्ये ‘लायका’ नावाचा लहानसा कॅमेरा घेऊन ते रस्त्यारस्त्यांतून फिरू लागले. त्याच वर्षी पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे त्यांनी आपले एक गाजलेले चित्र टिपले. साचलेल्या पाण्यावरून एक मनुष्य उडी घेत आहे. त्याची टाच पाण्याला लागणार, इतक्यात कळ दाबली गेली आहे. खाली त्याचे प्रतिबिंब आहे, आणि मागील भिंतीवरील जाहिरातीतही एक आकृती उडी घेताना दिसते. यात सरोवर नाही, लाटा नाहीत, मुलेही नाहीत. तरीही मुंकाचींचे ऋण त्यात स्पष्ट दिसते. क्षणाचे मोल त्यांच्याकडून घेतले, रचनेची शिस्त लोत यांच्याकडून घेतली; नजर मात्र स्वतःची वापरली.

ही परंपरा आपल्या देशातही दिसून येते. रघु राय यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन 1971 मध्ये पॅरिसला भरले होते. ते पाहून कार्तिए-ब्रेसाँ प्रभावित झाले, आणि त्यांनी 1947 मध्ये सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या ‘मॅग्नम’ या संस्थेसाठी 1977 मध्ये राय यांचे नाव सुचविले. पण म्हणून राय त्यांची प्रतिकृती झाले नाहीत. मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर 1995 मध्ये त्यांनी घेतलेले चित्र पाहावे. वर्तमानपत्र वाचणारी काही माणसे स्थिर आहेत, आणि त्यांच्याभोवतीची गर्दी नदीच्या प्रवाहासारखी अस्पष्ट होऊन वाहत आहे. सँ-लाझारच्या चित्रात काळ थांबविला आहे. चर्चगेटच्या चित्रात तो वाहू दिला आहे. स्थानके दोन, आणि दृष्टीही दोन!

कोणी म्हणतात, ‘दुसऱ्यांची चित्रे पाहूच नयेत, त्याने आपली स्वतंत्र बुद्धी झाकोळते.’ हे मत मला मान्य नाही. जो जाणूनबुजून चांगला कित्ता निवडीत नाही, तो नकळत भोवतालच्या सामान्य चित्रांचा कित्ता गिरवितो. अनुकरण दोघांच्याही वाट्याला येतेच. एकाला त्याची जाणीव असते, दुसऱ्याला नसते. म्हणून थोरांची चित्रे अवश्य पाहावीत, आणि पाहताना मनाला तीन प्रश्न विचारावेत. हा छायाचित्रकार येथेच का उभा राहिला? चौकटीबाहेर त्याने काय ठेवले? आणि कळ क्षणभर आधी किंवा नंतर का दाबली नाही? ज्याला या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची गोडी लागली, त्याला चित्राची नक्कल करण्याची गरजच उरत नाही.

विद्यार्थ्याने मग ते पुस्तक मिटावे आणि आपल्या गावच्या बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी उभे राहावे. तेथे सँ-लाझार नसेल, टांगानिकाही नसेल. पण प्रकाश, माणसे आणि क्षण सर्वत्र आहेत. गुरूने जे पाहिले ते पाहण्यापेक्षा, गुरूने जसे पाहिले तसे आपल्या भोवतालाकडे लक्षपूर्वक पाहणे, हीच त्याला वाहिलेली खरी गुरुदक्षिणा होय.